‘हो, नक्की!’ कोणी लिहिले?

मळवली,
रविवार, २३ नोव्हेंबर

चि. सृष्टी हिस,

तुझ्या नंबरावर मला ब्लॉक केले गेले आहे आणि मला तुझ्याकडून एका प्रश्नाचे उत्तर हवे आहे, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. प्रश्न असा. शुक्रवारी, ५ डिसेंबरला, तळेगावला माझ्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे, फॉर्मवर रक्ताच्या नातेवाइकाची सही लागते, तर तू येशील का, असे मी तुला याच महिन्याच्या २ तारखेला मेसेज करून विचारले होते. ‘हो, नक्की!’ असे उत्तर आले, पुढे एक लाल बदाम. हे उत्तर तू दिलेस की तुझ्या यंत्राने, एवढेच मला कळव. यापुढचे पत्र वाचले नाहीस तरी चालेल; पण वाचशील असे धरून लिहिते.

आशीर्वाद खरे तर वरती लिहायचे असतात, ते इथे घे. तुझी प्रकृती बरी असावी, जेवण वेळेवर होत असावे. माझी प्रकृती ठीक आहे. उजवा गुडघा दुखतो, पण तो २०११ पासून दुखतो, त्यात बातमी काही नाही. भात कापून, झोडून झाले. तुझे बाबा मस्कतहून दर शुक्रवारी फोन करतात आणि तिकडे किती गरम होते ते सांगतात. (त्यांच्याकडून तुला निरोप देता आला असता, नाही असे नाही. पण मग ते तुला रागावतील, तू दडपणाखाली उत्तर देशील, आणि दुसऱ्याने सांगून लिहिलेल्या उत्तराला मी एकतीस वर्षांत कधी गुण दिलेले नाहीत.) बयाबाईच्या फोनवरून तुला तीनदा लावून पाहिला. तू उचलला नाहीस. अनोळखी नंबर उचलायचा नसतो हे तूच मला शिकवले होतेस, तेव्हा तक्रार नाही. टपालाने पाठवावे तर तुमच्या सोसायटीत पत्रपेटी कुठे आहे हे तुलाही माहीत नसेल. म्हणून माऊलींच्या हाती देते आहे. कामशेतच्या तांदूळवाल्यांचा टेम्पो घेऊन ते दर मंगळवारी पुण्याला जातात. छप्पन्न वर्षांचे आहेत, चष्मा लावतात, पत्ता विचारत विचारत जातात. त्यामुळे पोचतील.

आता झाले काय ते क्रमाने सांगते, कारण तुझ्यापर्यंत यातले काहीच पोचले नसणार असा माझा अंदाज आहे.

वरचा मजला पाहुण्यांना द्यायचे आपण जानेवारीत ठरवले. मी हो म्हणाले ते एका कारणासाठी. तू म्हणालीस, आजी, किल्ली द्यायला, चादरी बदलायला मी दर शनिवारी येईन. नवव्या शनिवारी तू दाराला ते आकड्यांचे कुलूप बसवलेस. पाहुणे आपापले आकडे दाबून आत जाऊ लागले, कुलूप अगदी नीट चालू लागले, आणि तुझे शनिवार बंद पडले. (कुलपात काही दोष नाही. मी दोनदा तपासले.) जाहिरातीसाठी तू मला नऊवारी नेसवून फोटो काढला होतास. मी आयुष्यात नऊवारी दोनदा नेसले, एकदा लग्नात आणि एकदा तुझ्यासाठी. फोटोखाली तू इंग्रजीत जे लिहिलेस ते मी त्या वेळी चष्मा नसल्याने वाचले नाही. नंतर वाचले. राजेश्वरी आजी चुलीवर स्वयंपाक करतात, जुन्या गोष्टी सांगतात आणि प्रत्येकाला पोटच्या नातवंडासारखे जवळ घेतात. सृष्टी, मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली बाई आहे. लोणावळ्यात एकतीस वर्षे नववी-दहावीला शिकवले. घरात चूल १९८९ पासून नाही. गोष्ट मला एकच येते, ती आर्किमिडीजची, आणि जवळ घेण्याच्या बाबतीत तुझ्या आजोबांचीही माझ्याविषयी तक्रारच होती.

जूनपासून पाहुण्यांच्या वागण्यात फरक पडला. त्याआधी ते दारातून नमस्कार करून वर जात. आता गाडीतून उतरल्या उतरल्या ‘आजीऽऽ’ अशी आरोळी ठोकून धावत येऊ लागले. मी आपल्या रीतीप्रमाणे पाणी-गूळ पुढे करायची आणि गाव कोणते, कुणाच्यातले, असे विचारायची, तर त्यांचा चेहरा पडायचा. ‘आजी, विसरलात? मी सगळं सांगितलं होतं ना तुम्हाला!’ मला वाटले, माझ्या डोक्यात काही बिघाड सुरू झाला की काय. मी चार दिवस पाढे म्हणून पाहिले. एकोणतीसपर्यंत बरोबर आले.

मग चुलीचे प्रकरण. एक कुटुंब ठाण्याहून आले आणि म्हणाले, आजी, भाकरी कधी शिकवणार, तुम्ही कबूल केलंय. मी म्हटले, मी काहीही कबूल केलेले नाही. त्यांची मुलगी रडायला लागली. बयाबाई वरची झाडलोट करत होती, ती खाली आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘बाई, तुमी जरा गप ऱ्हावा. लांबनं आल्यात बिचारी. मी थापते.’ तिने मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या, काटक्या पेटवल्या आणि दोन तास त्या माणसांना पीठ मळायला लावले. त्यांनी तिला मिठ्या मारल्या, तिचे फोटो काढले. पुढे दर आठवड्याला हेच. आता बयाबाईचा गालाला पीठ लागलेला फोटो ‘राजेश्वरी आजी’ म्हणून कुठे कुठे फिरतो आहे. तिच्या भावजयीने तो बारामतीत पाहिला आणि तिला फोन करून विचारले, ‘वन्स, नाव कदी बदाललं वो?’ ऑगस्टमध्ये एका पाहुण्याने लिहिले ते मी पाठ केले आहे. ‘आजी खूपच गोड आहेत. फक्त त्यांच्या मॅनेजर बाई जरा कडक वाटल्या.’ मॅनेजर बाई म्हणजे कोण ते तुला सांगायला नको. बयाबाईने ते मला दोनदा मोठ्याने वाचायला लावले.

तरीही यंत्राची मला काही कल्पना नव्हती. ती आली ८ नोव्हेंबरला, समीक्षा नावाच्या मुलीमुळे. ती आणि तिचा नवरा आदिनाथ मुलुंडहून आले होते. ती गाडीतून उतरली आणि थेट माझ्या गळ्यात पडली. (मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. पाणी दोघींच्या अंगावर.) म्हणाली, ‘आजी, तीन आठवडे आपण रोज बोलतोय, आणि आज प्रत्यक्ष!’ मी म्हटले, बाई, मी तुला ओळखत नाही. तिने फोन पुढे केला. त्यात माझा नऊवारीतला फोटो, माझे नाव, आणि खाली मी. ‘बाळा, जेवलीस का?’ ‘बाळा, ऑफिसच्या बॉसचं मनाला लावून घेऊ नकोस.’ ‘बाळा, आजी वाट पाहतेय गं.’ मी सगळे वाचले, एकोणीस पाने होतील. मजकूर वाईट नव्हता. मात्र त्यातले एकही वाक्य मी कधी कोणाला म्हटलेले नाही, तुझ्या बाबांना कांजिण्या झाल्या तेव्हासुद्धा नाही.

आदिनाथ कॉम्प्युटरमधलाच आहे. तो बायकोला म्हणाला, ‘समू, मी काय सांगत होतो? बॉट आहे तो! कुठली आजी दोन सेकंदांत चार ओळी टाइप करते?’ त्यावर ती त्याला म्हणाली, ‘तुला दोन दिवसांत एक ओळ टाइप होत नाही, तू बोलू नकोस.’ मला दोघांचेही पटले.

मग मी तिची चौकशी केली. माहेर कुठले, तर कामशेत. म्हणजे आमच्या पुढचे स्टेशन. घरी कोण, तर आई-वडील वारले, आजी आहे, एकटी राहते. तिला शेवटची कधी भेटलीस, तर चार वर्षांपूर्वी. का, तर वेळ मिळत नाही, आणि आजीला फोनवर ऐकू येत नाही. एक मुलगी मुलुंडहून, घाट चढून, आजी मिळावी म्हणून मळवलीला येते, आणि तिची स्वतःची आजी पुढच्या स्टेशनावर बसलेली आहे! मी तिला याहून जास्त काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर दोघांना पुण्याच्या लोकलमध्ये बसवले आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभी राहिले, उतरले तर दिसावे म्हणून. त्यांची गाडी आपल्या अंगणातच होती. किल्ली माझ्याकडे होती. (हे अधिकारात बसत नाही, मान्य आहे.)

दुपारी मला कामशेतहून फोन आला. म्हातारी ओरडून बोलत होती, कारण तिलाच ऐकू येत नाही. ‘व्हय वं, तुमीच का त्या मळवलीच्या आज्जी? माजी नात तुमच्याकडं पैसं भरून ऱ्हायला आलती म्हनं! मी हितं फुकाट बसलीया, मला कुनी न्हाई ईचारलं!’ मीही ओरडून तिला सांगायचा प्रयत्न केला की मी ती नव्हे, ते यंत्र आहे. ती म्हणाली, ‘यंत्र आसू द्या न्हाईतर मंत्र. पोरगी आलीया. आता चार दीस मी न्हाई सोडत.’ आणि फोन ठेवला. चार दिवस आदिनाथची गाडी आपल्या चिंचेखाली उभी होती. तो नंतर एकटाच ती न्यायला आला तेव्हा थोडा वाळलेला दिसला. समीक्षाने मात्र जाहीर मत लिहिले: ‘घर छान. चॅटवर आजी जास्त प्रेमळ होत्या.’ दोन तारे. तुझे तारे घसरले ते या कारणाने. वर पाण्याचा पंप वगैरे शोधत बसू नकोस.

ते जोडपे गेल्यावर मी माझा फोन काढून बसले. आदिनाथने सांगितले होते की ते यंत्र ज्या नंबरावर बसवले आहे त्या नंबरावर येणाऱ्या प्रत्येकाला आधी तेच उत्तर देते. नंबर पाहिला. तो तुझा होता. मीही तुला त्याच नंबरावर लिहिते. मला तुझा दुसरा नंबर माहीत नाही. आहे का, हेही माहीत नाही.

मी प्रयोग करायचा ठरवला. ओट्यावर बसून लिहिले: ‘सृष्टी, तू कधी येणार आहेस?’ दोन सेकंदांत उत्तर आले: ‘बाळा, मी तर इथेच आहे, मळवलीच्या घरी! तूच सांग, तू कधी येतेस? तुझी राजेश्वरी आजी.’ आठवड्याच्या मधल्या वारी आलीस तर दहा टक्के सवलत, असेही लिहिले होते. खाली माझाच फोटो. मग लगेच, ‘आणि बाळा, तुझा गुडघा कसा आहे?’ मार्चपासून मी तुला गुडघ्याबद्दल जे जे लिहिले ते सगळे त्याने लक्षात ठेवले होते. आठ महिन्यांत माझ्या गुडघ्याची चौकशी करणारी ती पहिलीच, आणि तीही मीच.

त्यानंतर मी जे केले ते रागाने केले असे तुला वाटेल. तसे नाही. वही चुकीची असली की तपासणे माझ्याकडून होतेच. मी त्याला एक एक चूक कळवली. आमच्याकडे चूल नाही. मी कोणाला बाळा म्हणत नाही. कार्ल्याची लेणी आपल्या ‘अंगणातून दिसत’ नाहीत, मध्ये हायवे आहे. दर वेळी ते म्हणायचे, ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, बाळा.’ त्रेचाळीस मेसेज झाले. (तीन तास लागले. मी एका बोटाने टाइप करते.) शेवटी मी लिहिले, ‘मी खरी राजेश्वरी आहे.’ त्यावर उत्तर आले की अशा प्रकारे दुसऱ्याच्या नावाने संपर्क करणे योग्य नाही, आणि हा क्रमांक बंद करण्यात येत आहे. तेव्हापासून माझा फोन तुला लागत नाही. मला तू ब्लॉक केलेस असे मी समजत नाही. मला मी ब्लॉक केले आहे. दोघींपैकी ज्या मीचे लोक ऐकतात, तिने.

आता मुद्द्यावर येते. त्या दिवसापासून मी तुझे जुने मेसेज काढून बघते आहे. तुझे म्हणजे तुझ्या नंबरावरून आलेले. जूनपासून एकसष्ट आहेत. मी ते तपासायला घेतले, यातले तुझे कोणते आणि यंत्राचे कोणते. आधी वाटले, सोपे आहे. पाऊस फार आहे म्हटल्यावर ‘काळजी घे’ आले, ते यंत्राचे. आमटीची कृती विचारल्यावर नुसता अंगठा आला, तो तुझा. पण पुढे पुढे जमेना. ‘हो, नक्की!’ हे तूही म्हणतेस आणि तेही म्हणते. लाल बदाम दोघेही टाकता. मी ११ वाजून ४ मिनिटांनी विचारले आणि ११ वाजून ४ मिनिटांनीच उत्तर आले, यावरून यंत्र असे म्हणावे, तर फोन तुझ्याही हातातच असतो. म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. एकसष्टपैकी चौदा तुझे, एकतीस यंत्राचे, सोळा संशयास्पद, असा माझा निकाल आहे, आणि ५ डिसेंबरचे उत्तर त्या सोळांत आहे. ते एक तेवढे सोडवता आले असते तर बाकीच्या पंधरांसाठी मी तुला पत्र लिहिले नसते.

तुला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तुझे काम मोठे आहे, दिवसाला दोनशे मेसेज येत असतील आणि त्या सगळ्यांना तूच उत्तर द्यावेस असे मी म्हणणार नाही. मीही वर्गात साठ मुले असताना प्रत्येकाच्या प्रगतिपुस्तकावर ‘समाधानकारक’ हाच शिक्का मारला आहे. मुलांना ते कळत होते का, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. अलीकडे करते.

तरी वरील प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यावे. ‘मी’ किंवा ‘यंत्र’. यंत्र असेल तर तसे लिही, मला वाईट वाटणार नाही, फक्त मला दुसरी व्यवस्था करायला वेळ मिळेल. उशिरा झोपू नकोस. फ्रीजमधले शिळे खाऊ नकोस.

तुझी,
राजेश्वरी आजी
(स्वतः)

ता.क. यंत्र बंद करू नकोस. मी विचार केला. पाहुण्यांशी ते माझ्यापेक्षा बरे वागते आणि त्याला कंटाळा येत नाही. फक्त चूल काढ, आणि फोटो बयाबाईचाच लाव. तिची हरकत नाही, मात्र ती नवे लुगडे मागते आहे.

ता.क. २. बयाबाईच्या फोनवरून मी ४ ते ६ डिसेंबरसाठी वरची खोली राखून ठेवली आहे, म्हणजे त्या दिवसांत पाहुणे येणार नाहीत. यंत्राने खास प्रसंग कोणता असे विचारले. मी ‘घरचे काम’ लिहिले. त्याने अभिनंदन केले. आयत्या वेळी रद्द झाले तर तारे आणखी घसरतात असे तूच सांगितले होतेस, ते लक्षात असू दे.

ता.क. ३. फॉर्मवर रक्ताच्या नातेवाइकाची सही लागत नाही. डॉक्टरांनी असे काही म्हटलेले नाही. ऑपरेशन वीस मिनिटांचे आहे, घरी आणायला कोणी तरी हवे, एवढेच, आणि बयाबाई यायला तयार आहे. सहीचा नियम मी केला आहे. नुसते ये म्हटले तर येशील की नाही याचा मला भरवसा वाटला नाही, आणि नियम असला की माणसे येतात असा माझा शाळेतला अनुभव आहे. हे पत्राच्या सुरुवातीलाच लिहायला हवे होते. तीनदा लिहून खोडले, म्हणून पहिले पान नव्या कागदावर आहे.

माऊली यांच्या हाती दिले, ता. २५ नोव्हेंबर, सकाळी सात वाजता:

हे पत्र, सहा पाने, पाकीट चिकटवलेले.
इंद्रायणी तांदूळ, नवा, पाच किलो. (पाणी कमी घालणे.)
लिंबाचे लोणचे, एक बरणी. बरणी परत हवी.
माझ्या खोलीच्या मागच्या दाराची किल्ली, एक. पाहुण्यांना ही देत नाही.

वरील जिन्नस मोजून घेतले: माऊली (सही)

पोचल्याची सही, स्वतःच्या हाताने: ____________